तात्पुरती छत्री

वादळ येणार हे सगळ्या गावाला कळलं होतं. छत्री मिटत नाही हे मात्र अजून फक्त तिसऱ्या मजल्यालाच ठाऊक होतं, आणि ही बातमी तिथल्या तिथे राहावी अशी कृपयाभाऊंची इच्छा होती.

आता छत्री म्हणजे काखेत मारून बाजारात न्यायची छत्री नव्हे. गच्चीवर उभी करायची, खाली टेबल आणि खुर्च्या मावतील एवढी, पिवळ्या-निळ्या पट्ट्यांची, कडेने झालर असलेली. दांड्याला एक हँडल होतं. ते उजवीकडे फिरवलं की छत्री उघडते आणि डावीकडे फिरवलं की मिटते, असं दुकानदाराने शपथेवर सांगितलं होतं. त्यातलं अर्धं खरं निघालं. भाऊंनी स्वतःच्या मनाने घेतलेली ही आयुष्यातली पहिली चैनीची वस्तू. दिवसभर स्टेशनात बडबड करून आल्यावर माणसाने कुठेतरी गप्प बसावं की नाही? तर तेवढ्यासाठी छत्री.

भाऊ रेल्वेत उद्घोषक होते. 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे' हे वाक्य त्यांच्या जिभेत इतकं मुरलं होतं की घरी मीठ मागतानासुद्धा आधी 'कृपया' यायचं, म्हणून ते कृपयाभाऊ. मध्यंतरी स्टेशनात एक बोलणारं यंत्र आणून बसवलं होतं, पण पहिल्याच पावसात त्याची दातखीळ बसली आणि माईक परत भाऊंच्या हाती आला. भाऊंना आपल्या आवाजाचा अभिमान होताच, पण त्याहून मोठा अभिमान होता तो उशिराचं खरं कारण सांगण्याचा. बाकीचे लोक 'तांत्रिक कारणामुळे' म्हणून मोकळे होतात. ते दोन शब्द कानावर पडले तरी भाऊंच्या अंगावर पाल पडायची. त्यांचं म्हणणं असं, की कारण कळलं तर माणूस ठरवू शकतो, थांबायचं की दुसरी वाट धरायची. म्हणून ते सरळ सांगायचे: सिग्नलमध्ये कावळ्याने घरटं केलं आहे, गार्डसाहेबांचा चष्मा सापडत नाही, रुळावर एक बैल बसला असून तो कोणाचंच ऐकत नाही. स्टेशनमास्तरांच्या कपाळावर आठ्या पडायच्या, पण प्रवासी खूश असायचे.

छत्रीच्या वाटेत पहिले आडवे आले ते इमारतीचे सेक्रेटरी. गच्चीला भोक पाडायचं नाही, कारण गळती बंद करायचं काम नुकतंच झालेलं. शिवाय कायमस्वरूपी काही उभं करायचं तर सर्वसाधारण सभेची मंजुरी हवी. सभेला निदान निम्मे सभासद हवेत, आणि निम्मे सभासद या इमारतीत आजवर फक्त नळाचं पाणी गेलं तेव्हाच एकत्र आले होते. तात्पुरत्या वस्तूला मात्र मंजुरी लागत नाही, हा शोधही सेक्रेटरींनीच लावला. पुढेमागे कोणी विचारलं तर पुरावा असावा म्हणून ते स्वतः ब्रश आणि काळ्या रंगाचा डबा घेऊन वर गेले, आणि छत्रीच्या कापडावर ठळक अक्षरांत 'तात्पुरती' असं लिहून आले. इमारत रुळांना खेटून होती, आणि अक्षरं एवढी मोठी होती की जाणाऱ्या गाडीतून वाचता यावीत. नव्याकोऱ्या वस्तूची अशी अब्रू गेलेली बघून भाऊंना जेवण गोड लागेना. बायको म्हणाली, जाऊ द्या हो, कायमचं कोणाचं काय असतं.

बायको शाळेत शिकवायची, म्हणून सगळं गाव तिला बाई म्हणायचं. आपणही बाईच म्हणू, कारण त्यांच्यासमोर दुसरं काही म्हणायची हिंमत होत नाही. तर या बाईंची नेमकी वादळाच्या दिवशी दुपारी पलीकडच्या शहरात मुलाखत होती, मुख्याध्यापिकेच्या जागेसाठी. उभी हयात त्यांनी फळ्यापुढे काढली. त्यांच्या हाताखाली शिकलेली पोरं साहेब होऊन त्यांनाच सूचना द्यायला लागली होती. वयाच्या अटीत बसेल अशी ही शेवटची संधी. उद्या पोचल्या तर पोचल्या, नाही तर निवृत्तीपर्यंत हजेरी घेत बसायचं. भाऊंना हे सगळं माहीत होतं. गाडी सकाळची, भाऊंच्याच स्टेशनातून, तेव्हा काळजी कसली, असं त्यांचं मत होतं.

वादळाचा इशारा आला तसा रेल्वेने एक सूचना काढली. रुळांच्या वर विजेची तार असते. तिच्यावर उडून आलेलं काही अडकलं की वीज बंद करावी लागते आणि गाडी जागच्या जागी थांबते. तेव्हा रुळालगतच्या रहिवाशांनी गच्चीवरचे पत्रे, टाक्यांची झाकणं, ताडपत्र्या आणि इतर सैल वस्तू घट्ट बांधाव्यात. ही सूचना भाऊंनी स्वतःच्या शब्दांत लिहिली आणि दिवसभर माईकवर अशा कळवळ्याने वाचली, की एका आजोबांनी म्हणे स्टेशनातच आपली टोपी रुमालाने बांधली. संध्याकाळी भाऊ घरी आले, छत्री मिटवायला वर गेले, हँडल डावीकडे फिरवलं, आणि हँडल फिरेना. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, म्हणतात ते हे.

त्यांनी तेल घातलं, वर लटकून पाहिलं, दोन शब्द प्रेमाचे बोलून पाहिले, मग चार शब्द दुसरे बोलून पाहिले. खाली न्यावी तर उघडी छत्री जिन्याच्या दारातून जाईना. बाईंनी वर येऊन एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, कात्री आणते, कापड कापून टाकू, नुसत्या काड्या उरल्या की वारा काय करणार? उपाय इतका सोपा होता की भाऊंना रागच आला. नवी छत्री कापायची? बाई म्हणाल्या, तुमची छत्री, तुमचं तुम्ही बघा, मला कपड्यांना इस्त्री करायचीय.

मग व्हायचं तेच झालं. गच्चीवर एक माणूस कशाशी तरी झटतोय हे दिसलं की इमारतीत सल्ल्याला माणसं कमी पडत नाहीत. आधी आले बोटवाले काका. काकांनी तरुणपणी बोटीवर नोकरी केली होती. ती बोटीच्या स्वयंपाकघरात केली होती हे पुष्कळ उशिरा कळलं. त्यांनी दोर मागवला आणि समुद्रातली कसलीशी गाठ मारून छत्री पाण्याच्या टाकीच्या पाइपाला बांधली. ही गाठ तुफानातसुद्धा सुटत नाही, म्हणाले, आता निर्धास्त झोपा.

भाऊ निर्धास्त खाली आले. त्यांच्यामागून वर गेले ते प्रोफेसर. हे पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ, आणि निवृत्त झाल्यापासून विज्ञानाला कोणी वाली उरला नाही अशी त्यांची खंत. दोराचा कोन बघून त्यांना चक्कर यायची बाकी राहिली. त्यांनी काकांची गाठ सोडली (तुफानात न सुटणारी गाठ त्यांनी एका हाताने सोडली), दोराचे तुकडे केले, आणि बलांचा समतोल साधत छत्री चारी बाजूंनी कठड्याला बांधली. खाली येऊन त्यांनी भाऊंना आकृती काढून दाखवली. भाऊंना आकृती कळली नाही, पण निर्धास्त व्हायचं एवढं कळलं.

शेवटी सेक्रेटरी गेले. कठडा इमारतीच्या समितीचा. त्याला नुकताच रंग दिलेला. आणि छत्री कठड्याला बांधली की ती तात्पुरती राहते का, हा मोठाच प्रश्न होता. सेक्रेटरींनी चारी दोर सोडले, त्यांची नीट गुंडाळी केली, आणि दांड्याच्या बुडाशी समितीच्या मालकीच्या नसलेल्या थोड्या विटा रचल्या. दाराशी येऊन म्हणाले, सगळं नियमात बसवलंय. एकाच छत्रीला तिघा जाणत्यांचे हात लागलेले, तेव्हा भाऊ गाढ झोपले. छत्री मात्र वर नुसती आपल्या सज्जनपणावर उभी होती.

सकाळी वारा असा सुटला की घराबाहेर पाऊल टाकायच्या आधी माणसाने स्वतःला दोनदा विचारावं. भाऊ आणि बाई भिंतीच्या कडेकडेने निघाले. कोणाच्या तरी टाकीचं झाकण गडगडत आलं आणि त्यांच्या पुढ्यातून रस्ता ओलांडून गेलं. कोपऱ्यावर झाडाची फांदी एका स्कूटरवर पडली होती आणि स्कूटरवाला शेजारी उभा राहून झाडाशी भांडत होता. न्हाव्याच्या दुकानाची पाटी एका खिळ्यावर लोंबत होती, तिला चुकवताना बाईंची चप्पल तुटली. त्यांनी फाईल प्लास्टिकच्या पिशवीत घालून पोटाशी धरली होती, ती काही सोडली नाही. वळणावर भाऊंनी मागे वळून वर पाहिलं. छत्री जागेवर होती. वाऱ्यात नमस्कार केल्यासारखी डुलत होती, पण होती. अख्ख्या गावाची झाकणं उडाली आणि आपली छत्री उभी आहे, या विचाराने त्यांची छाती फुगली आणि बाईंना त्यांनी ते बोलूनही दाखवलं.

बाईंची गाडी फलाटावर उभी होती. भाऊ आपल्या काचेच्या खोलीत जाऊन बसले. सुटायची वेळ झाली, सिग्नल झाला, गाडीने एक हिसका दिला, आणि डब्यातले दिवे गेले. पंखे फिरता फिरता थांबले. लोक कंटाळून खाली उतरले, बाईही उतरल्या आणि भाऊंच्या काचेसमोरच्या बाकावर येऊन बसल्या. तेवढ्यात फोन कानाला लावूनच स्टेशनमास्तर आत आले. पुढच्या वळणाजवळ तारेवर काहीतरी अडकलं होतं, आणि तार दुरुस्त करणारी माणसं तिथून फोनवर बोलत होती.

"छत्री म्हणतायत," स्टेशनमास्तर म्हणाले. "केवढी? ... काय सांगता! पिवळी-निळी, झालर आहे. हं. हं? तिच्यावर काहीतरी लिहिलंय म्हणतात. तात्पुरती." त्यांनी फोन खाली घेतला. "तात्पुरती कसली डोंबलाची, तारेत अशी गुंतलीय की काढायला दुपार उलटेल."

भाऊंच्या तोंडचं पाणी पळालं. आपली म्हणून ओळख पटवायला आणखी काही लागणार नव्हतं. सेक्रेटरींनी तेवढी सोय करून ठेवली होती. बाहेर एवढी गर्दी ताटकळलेली. पाच वाक्यं माईकवर बोलायची, की सगळ्या स्टेशनाला कळणार, काल दिवसभर ज्याने सैल वस्तू बांधा म्हणून घसा कोरडा केला त्याचीच छत्री गाडीच्या वाटेत पडली. उद्यापासून 'कृपया' म्हटलं तरी लोक हसतील. स्टेशनमास्तर म्हणाले, लोक खोळंबलेत, काहीतरी बोला. भाऊंनी बटण दाबलं, घसा साफ केला, आणि आयुष्यात जे कधी केलं नव्हतं ते केलं.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. तांत्रिक कारणामुळे गाडी सुटण्यास थोडा विलंब होत आहे."

स्टेशनमास्तरांनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं आणि पाठ थोपटली. शेवटी आलात वळणावर, म्हणाले, आणि दुसऱ्या फोनकडे गेले. फलाटावर लोकांनी निःश्वास टाकला. थोडाच विलंब ना, मग काय. कोणी बॅगेवर बूड टेकलं, कोणी पेपर उघडला. या उद्घोषकाचा शब्द खोटा निघत नाही हे सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे एकही माणूस दुसऱ्या वाटेला लागला नाही.

आणि दुसरी वाट होती. स्टेशनाबाहेरून पलीकडच्या शहराला बस जायची, पुलावरून. नदीचं पाणी चढत होतं म्हणून आता सुटेल ती शेवटची, मग पूल बंद, असा निरोप सकाळीच आला होता आणि भाऊंच्या टेबलावर काचेखाली पडला होता. सांगणार होते ते, पण एकदा थोडा विलंब म्हटल्यावर बस कशाला? एक खोटं बोललं की त्याच्या पोटातून दुसरं बाहेर येतं, ते असं.

त्यांनी काचेतून पाहिलं. बाई बाकावर ताठ बसल्या होत्या, तुटक्या चपलेचा पाय खाली दडवून, फाईल मांडीवर, आणि सरळ काचेकडेच बघत होत्या. चुळबुळ नाही की शेजारणीशी बोलणं नाही. भाऊंना वाटलं, किती हा विश्वास. मी थोडा विलंब म्हटलं म्हणून ही बाई बसून राहणार. दुपार उलटेल, तिथले लोक दुसऱ्या कोणाला तरी खुर्चीवर बसवून चहा पितील, आणि ही इथे माझ्या शब्दावर बसलेली असेल. अब्रू काय, नाही म्हटलं तरी पुन्हा कमावता येते, आणि नाहीच आली तर नाही. पण संध्याकाळी या बाईसमोर जेवायला कोणत्या तोंडाने बसायचं?

बाहेर बसचा हॉर्न वाजला. भाऊंनी बटण दाबलं.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. मघाशी सांगितलेलं तांत्रिक कारण खोटं होतं. खरं कारण असं, की पुढच्या वळणाजवळ विजेच्या तारेवर एक छत्री अडकली आहे. सदर छत्रीवर तात्पुरती असं लिहिलेलं असलं, तरी ती निघायला दुपार उलटेल. छत्री माझ्या गच्चीवरची आहे. ती बांधली नसल्याबद्दल आणि मघाच्या खोट्याबद्दल मी दिलगीर आहे, रेल्वे नाही, मी. ज्यांना दुपारच्या आत पलीकडे पोचायचं आहे त्यांनी आत्ता उठावं, पूल बंद होण्याआधीची शेवटची बस बाहेर सुटते आहे." इथे भाऊंचा आवाज जरा घसरला. "अगं, ऊठ."

आता लग्न झाल्यापासून भाऊंनी बायकोला नावाने हाक मारलेली नव्हती. 'अगं' म्हटलं की ती ओ द्यायची, काम भागायचं. पण फलाटावर बसलेल्या जेवढ्या म्हणून बायका होत्या त्यांना घरी 'अगं'च म्हणत असावेत, कारण त्या सगळ्याच्या सगळ्या एकदम उठल्या. त्या उठल्या म्हणून त्यांचे नवरे उठले, बॅगा उठल्या, आणि सगळा लोंढा फाटकाकडे धावला. त्या गर्दीत भाऊंना एवढंच दिसलं, की बाईंनी दोन्ही चपला काढून हातात घेतल्या आणि सगळ्यांच्या पुढे पळाल्या.

नंतरची दुपार कशी गेली ते भाऊ सांगत नाहीत, म्हणून आपणच सांगू. मागे राहिलेली मंडळी काचेपाशी येऊन उद्घोषक बघून गेली. एकाने छत्री विकायची आहे का म्हणून विचारलं. स्टेशनमास्तरांनी पहिल्या घोषणेचं कौतुक परत घेतलं आणि वरून खुलासा मागवला जाईल असं बजावलं. खुलासा छत्रीबद्दल नव्हे, परवानगीशिवाय खरं कारण सांगितल्याबद्दल. घरून बोटवाल्या काकांचा फोन आला की गाठ प्रोफेसरांनी सोडली, प्रोफेसरांचा आला की दोर सेक्रेटरींनी सोडले, आणि सेक्रेटरींचा आला की विटा कोणाच्या होत्या त्यांनी त्या घेऊन जाव्यात. छत्री तारेवरून उतरवून आणली तेव्हा कोणीतरी सहज हँडल डावीकडे फिरवलं, आणि ती लोण्यासारखी मिटली. भाऊंनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांचे कान पुलापलीकडे लागले होते. बस वेळेत पोचली का, एवढं एकच त्यांना कोणी सांगत नव्हतं.

संध्याकाळी वारा पडला, तार दुरुस्त झाली, आणि पलीकडून पहिली गाडी आली. भाऊ काचेची खोली सोडून फलाटावर येऊन उभे राहिले होते. बाई उतरल्या त्या नव्या चपला घालून. भाऊंना विचारायचा धीर होईना, तेव्हा त्यांनी आपण होऊनच सांगितलं. वादळामुळे उमेदवार दोनच पोचले होते. दुसरे गृहस्थ त्याच बसमधून, भाऊंची घोषणा ऐकूनच आलेले, आणि वाटेत बाईंना त्यांनी आपली अर्धी जागासुद्धा दिली होती. पण जागा बाईंनाच मिळाली. पुढच्या महिन्यापासून मुख्याध्यापिका.

भाऊंनी डोळे पुसले आणि वाऱ्याने कचरा गेला म्हणाले. वारा केव्हाच पडला होता. मग दोघं चालायला लागले, आणि भाऊंनी दिवसभर मनात घोळवलेलं काढलं. तू माझ्या शब्दावर विश्वासून तशी बसली होतीस, म्हणाले, ते मला काचेतून बघवेना.

"विश्वासून कुठली," बाई म्हणाल्या. "तांत्रिक म्हणालात तेव्हाच कळलं, छत्री गेली."

भाऊ थबकले. "मग तेव्हाच उठून बसकडे का नाही गेलीस? चुकली असती तर?"

"बाकावरून बस दिसत होती, सुटायला थोडा वेळ होता," बाई म्हणाल्या. "तेवढा तुम्हाला दिला होता."